स्वतःचं गाणं

दुपारी तीनची वेळ. नॅशव्हिल, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री या गावाकडच्या बाजाच्या संगीताचं शहर. तिथल्या लोअर ब्रॉडवे या बारांच्या रस्त्यावर आम्ही एका बारमध्ये शिरलो ते खरं तर उन्हाला कंटाळून. आत बिअरचा, तळणाचा आणि जुन्या लाकडाचा एकत्र वास भरलेला. रस्त्याच्या खिडकीला पाठ लावून छोट्याशा स्टेजवर चौघांचा बँड उभा होता. गाणारी मुलगी असेल चोविसेक वर्षांची. पुढ्यात प्लास्टिकची बादली, तिच्यावर पैसे पाठवायचा क्यूआर कोड चिकटवलेला. ओळखीची गाणी एकामागून एक चालली होती आणि लोक ग्लास उंचावून सोबत गात होते. मध्येच ती म्हणाली, ‘‘आता एक माझं म्हणते. मीच लिहिलंय. तीनच मिनिटांचं आहे.’’ आणि तिने सुरुवात केली. आजीचं घर विकलं गेलं त्याबद्दलचं गाणं होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या खुणा होत्या आणि नव्या मालकाने त्यांवर रंग दिला, एवढं मला ऐकू आलं. कारण तोवर गप्पांचा आवाज वाढत गेला होता. दुसरं कडवं सुरू होतंय तोच सारखे टी-शर्ट घातलेल्या घोळक्यातला एक जण पुढे आला, बादलीत नोट टाकली आणि गिटारवाल्याच्या कानात काहीतरी बोलला. गिटारवाल्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, ध्रुपदावर गाणं आवरतं घेतलं आणि एक मात्राही न सोडता त्याच पट्टीत त्याच्या फर्माइशीचं गाणं उचललं. सगळा बार गायला लागला.

चौकटीवरच्या त्या खुणांचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही.

मला जे टोचत राहिलं ते गाणं तुटल्याचं नव्हतं. तो माणूसही वाईट नव्हता, मित्राच्या लग्नाआधीची मजा करायला आलेला साधा मुलगा. टोचलं ते असं की ती मुलगी फर्माइशीचं गाणंही जीव ओतून गायली. चेहऱ्यावर कुठे ओरखडा नाही. एवढ्या सहजपणे स्वतःचं गाणं खाली ठेवायला माणूस कधी शिकत असेल, आणि ते शिकल्यावर पुन्हा उचलायचं बळ कुठून आणत असेल, हा प्रश्न अटलांटाला घरी परतेपर्यंत आणि नंतरही पुष्कळ दिवस मनात राहिला.

भाची नॅशव्हिलमध्ये शिकते, त्यामुळे त्या रस्त्याचा हिशेब तिच्याकडून कळला. ब्रॉडवेवरच्या बहुतेक बारमध्ये आत जायला तिकीट नसतं. सकाळी दहाच्या सुमाराला पहिला बँड चढतो आणि साधारण चार-चार तासांच्या पाळ्यांनी रात्री दोन-तीनपर्यंत वाद्यं थांबत नाहीत. मालकाकडून मिळणारी रक्कम बेताची. खरी कमाई बादलीची, आणि बादली भरते ती फर्माइशीने. लोकांना ऐकायचं असतं ते गाजलेलं. म्हणून तिथल्या गायकाला काही शे गाणी तोंडपाठ लागतात, ती कोणत्याही पट्टीत, कोणत्याही क्षणी. हे ऐकताना मला संगीत बारीची आठवण येणं अपरिहार्य होतं. कलाकेंद्रातली बैठक, पेटी-ढोलकी, समोरून आलेली फर्माइश आणि तिच्या मागोमाग येणारी दौलतजादा. मी बारी पाहिली ती फार उशिरा आणि तीही पुण्यातल्या एका नाट्यगृहात, म्हणजे तिच्या खऱ्या जागेपासून लांब. पण वाईच्या यमुनाबाई वाईकरांबद्दल जाणकार जे सांगतात ते मला पक्कं आठवतं: लावणी समोरच्याने मागितलेली, शब्द परंपरेतून आलेले, आणि तरी एकाच ओळीवर बाई अशा थांबत, ती ओळ इतक्या परींनी फिरवून दाखवत की ती त्यांची होऊन जाई. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, आयुष्याच्या अगदी उतरणीला. फर्माइशीच्या आतही स्वतःला जागा करता येते, हे त्यांनी दाखवलं. ब्रॉडवेवर मात्र ती जागा नाही. तिथे मूळ रेकॉर्डसारखंच व्हावं लागतं, कारण लोक स्वतः सोबत गाणार असतात.

परतताना आम्ही मॉन्टीगलचा घाट उतरत होतो. गाडीच्या रेडिओवरचं नॅशव्हिलचं स्टेशन डोंगराआड खरखरायला लागलं होतं आणि त्या खरखरीतून लेनी विल्सन या कंट्री गायिकेचा आवाज आला. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. लुइझियानाच्या शेतमळ्यांतला हेल, स्वर नाकातून थोडा वळणारा, शब्दांची टोकं ओढून लांबवलेली. पेडल स्टील गिटार त्या आवाजाभोवती मींड काढत होती. या वाद्यात सूर एकावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातो. आपल्या कानाला हे संगीत पहिल्यांदा जवळचं वाटतं ते बहुधा इथेच. नवरा म्हणाला, ‘‘ही पण कधीतरी तिथेच बादली ठेवून गायली असेल, नाही?’’ मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचायला, तिच्या मुलाखती ऐकायला लागले. आणि मला त्यात रस वाटत गेला तो आजच्या प्रसिद्धीपेक्षा त्याआधीच्या वर्षांचा.

लेनी बॅस्किनची. ईशान्य लुइझियानातलं दोन-अडीचशे वस्तीचं गाव. वडील शेतकरी, आई शाळेत शिक्षिका. नऊ वर्षांची असताना घरच्यांनी तिला नॅशव्हिलला ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा मानाचा कार्यक्रम दाखवायला नेलं आणि त्या रात्री तिने ठरवलं की आपण इथे उभं राहायचं. असं ठरवणारी मुलं पुष्कळ असतात. पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. शाळेच्या वयात ती हॅना मोंटानाची नक्कल करायची. टीव्हीवरची ती सोनेरी केसांची गायिका तेव्हा घराघरातल्या मुलींची दैवत होती. लेनी विग घालून वाढदिवसांना, जत्रांना तिचे कार्यक्रम करायची. त्यातली एक गोष्ट तिने नंतर सांगितली आहे: आधी ती स्वतः लेनी विल्सन म्हणून यायची, दोन-चार गाणी म्हणायची, मग आत जाऊन विग चढवून हॅना होऊन यायची. म्हणजे स्वतःच्याच कार्यक्रमात पहिली, बिनओळखीची गायिका तीच. समोरच्या मुलींच्या टाळ्या कोणाला जास्त मिळत असतील हे सांगायला नको. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला दर शनिवारी हे अनुभवायचं म्हणजे काय, याचा मी विचार करत बसले.

आणि मग मला मिरजेतली आमच्या गल्लीतली ताई आठवली.

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकरांच्या दुकानांवरून जाताना भोपळ्याचा आणि ताज्या लाकडी भुशाचा वास यायचा आणि कोणीतरी जव्हारी लावत एकच तार पुन्हा पुन्हा छेडत असायचं. त्या गावात गाणाऱ्या माणसाला गुरूचं नाव विचारतात. ताईला गुरू नव्हता. ती ऑर्केस्ट्रात गायची. गणेशोत्सवात मांडवासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज बांधलेलं, दिव्यांभोवती किडे, आणि ताई जरीच्या साडीत आशाबाईंची गाणी अशी म्हणायची की मागच्या रांगेतून शिट्ट्या आणि पुढच्या रांगेतून ‘वन्स मोअर’ एकदम यायचे. निवेदक तिची ओळख करून देताना तिचं नाव घ्यायच्या आधी ‘प्रति आशा’ म्हणायचा. आम्हा लहान मुलींना ती त्या दहा दिवसांत साक्षात कोणीतरी वाटायची. अकराव्या दिवशी सकाळी तीच नळावर हंडा घेऊन उभी असायची आणि आम्हाला आश्चर्य वाटायचं की ही आपल्यासारखीच पाणी कशी भरते. तिच्या वहीत गाणी लिहिलेली असायची, समासात पट्टी: काळी चार, पांढरी पाच. वहीच्या शेवटच्या पानांवर तिने स्वतः जुळवलेली एक-दोन गाणी होती हे आम्हाला ठाऊक होतं. ती कधी कोणासमोर म्हटली गेली नाहीत.

लेनी २०११ मध्ये नॅशव्हिलला निघाली. वय एकोणीस. गाडीच्या मागे जोडायचा, आत राहता येईल असा वीस फुटी कॅम्पर घेतला आणि मूळच्या लुइझियानाच्याच जेरी क्युपिट या निर्मात्याच्या स्टुडिओच्या आवारात उभा केला. वीज-पाणी तिथूनच. जवळजवळ तीन वर्षं ती त्या डब्यात राहिली. थंडीत मध्येच गॅस संपायचा आणि कुडकुडत जाग यायची. २०१४ मध्ये तिचा पहिला अल्बम निघाला. फार कोणी ऐकला नाही. त्याच वर्षी क्युपिट वारले, म्हणजे त्या शहरात तिच्या बाजूने बोलणारा मोठा माणूस गेला. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत ती पुन्हा पुन्हा गेली आणि पुन्हा पुन्हा नाकारली गेली. अमेरिकन आयडॉलनेच तिला सात वेळा परत पाठवलं. आज हे सगळं तिच्या चरित्रातलं रंगतदार प्रकरण म्हणून सांगितलं जातं, कॅम्परचा फोटो दाखवला जातो. पण २०१३ च्या जानेवारीत त्या डब्यात झोपलेल्या मुलीला हे प्रकरण आहे हे माहीत नव्हतं. तिच्यासाठी ती नुसती थंडी होती. शेवट चांगला झाला म्हणून मधल्या वर्षांना आपण पायऱ्या म्हणतो. जगताना त्या पायऱ्या नसतात, कारण वर काही आहे की नाही हे दिसत नसतं. यशाच्या गोष्टी वाचताना मला नेहमी ही अडचण येते, आणि लेनीची गोष्ट मनापासून आवडूनही ती आलीच.

नॅशव्हिलमध्ये म्हणतात की हे दहा वर्षांचं गाव आहे. दहा वर्षं द्यायची तयारी असेल तर या. त्या दहा वर्षांत नक्की काय करतात याची मला उत्सुकता होती. उत्तर असं की लिहितात. म्युझिक रो नावाचा भाग आहे, साध्या बैठ्या घरांमधून थाटलेल्या कचेऱ्या. सकाळी दहा-अकराला दोघं-तिघं एका खोलीत गिटार घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत एक गाणं उभं करतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांबरोबर दुसरं. गीतकार-संगीतकार असा आपल्यासारखा भेद नाही, शब्द आणि चाल एकाच टेबलावर होतात. यामागे पैशाचंही कारण आहे. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला मानधन मिळतं, गाणाऱ्याला काहीच नाही. आवाजाला किंमत शून्य, हे मला खरंच वाटेना. पण कायदा तसाच आहे. म्हणून ज्याला टिकायचंय तो लिहायला शिकतो. त्यातही भरभराट नाही: अल्बमच्या किंवा डाउनलोडच्या विक्रीत रचनेचा हक्क म्हणून २००६ पासून २०२२ पर्यंत एका गाण्यामागे ९.१ सेंट मिळत. त्यातला हिस्सा प्रकाशकाचा, उरलेला तिघांत वाटायचा. अशी शेकडो गाणी लिहायची, त्यांतलं एखादं कोणीतरी रेकॉर्ड करतं, आणि रेकॉर्ड झालेल्यांतलं एखादं रेडिओपर्यंत जातं.

त्या खोल्यांमध्ये आणि स्टुडिओत वापरतात ती नॅशव्हिल नंबर सिस्टम पाहून मला फार आनंद झाला. कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरसमूहांची, इंग्रजी अक्षरं न लिहिता नुसते आकडे लिहायचे. मूळ स्वर एक, मग चार, पाच, पुन्हा एक. गायिका म्हणाली की आज घसा बसलाय, सूर खाली घ्या, तर कागदावर एक अक्षरही बदलावं लागत नाही. सगळ्यांचा ‘एक’ खाली सरकतो आणि बाकीचे त्याच्याबरोबर. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत सोयीसाठी काढली आणि स्टुडिओतल्या वादकांनी ती उचलली. आपला षड्ज असाच कुठेही ठेवता येतो. ताईच्या वहीच्या समासातली काळी चार मला तिथे दिसली. बारमधल्या मुलीने स्वतःचं गाणं सोडून क्षणात दुसरं उचललं तेही याच सवयीतून. मागच्या तिघांना फक्त दोन बोटं वर करून ती काहीतरी आकडा दाखवताना मी पाहिली होती.

भाचीने एका सोमवारी ब्लूबर्ड कॅफेला नेलं. हिल्सबरो पाइकवर दुकानांच्या साध्या रांगेतली एक काच. १९८२ मध्ये सुरू झालेली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची खोली. सोमवारी तिथे कोणीही नाव नोंदवून गावं, गाणं मात्र स्वतःचं हवं. आणि बोलायचं नाही. कुजबुजलात तरी शेजारचे वळून बघतात. टेबलं इतकी खेटून की समोर बसलेल्या मुलाच्या गिटारवर नख घासल्याचा आवाज येत होता. एका ट्रकचालकाने मुलीच्या पदवीदान समारंभाला पोहोचता आलं नाही त्याबद्दल गायलं. त्याचा सूर लागत नव्हता, दुसऱ्या कडव्यात तो शब्द विसरला, थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि सगळी खोली त्याच्यासाठी थांबून राहिली. मला त्या खोलीने फार हलवून सोडलं. ब्रॉडवेपासून काही मैलांवर ही जागा आहे, त्याच शहरात, बहुधा त्याच माणसांसाठी. दुपारी चार तास दुसऱ्यांची गाणी आणि सोमवारी रात्री तीन मिनिटं स्वतःचं.

लेनीचं जे गाणं अखेर चाललं ते तिने जेसन निक्स आणि जोनाथन सिंगल्टन यांच्याबरोबर लिहिलं होतं. ‘थिंग्ज अ मॅन ऑटा नो’. गाडीचं चाक बदलणं, गळ टाकणं, पुरुषांना यावीत म्हणतात ती कामं मला येतात, असं सांगत सांगत ते गाणं हळूच सोडून गेलेल्या माणसाकडे वळतं: प्रेम टिकवायला काय लागतं ते त्याला का कळलं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ते रेडिओकडे गेलं आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. वर्षभराहून जास्त काळ एक गाणं रेडिओवर रेंगाळत राहिलं. कंट्री रेडिओवर बाईच्या गाण्याला असा वेळ लागतो आणि त्याचं कारण फक्त लोकांची आवड नाही. २०१५ मध्ये कीथ हिल नावाच्या एका रेडिओ सल्लागाराने व्यवसायाच्या पत्रकात उघड सांगितलं होतं की श्रोते वाढवायचे असतील तर बायकांची गाणी कमी करा. कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये पुरुष म्हणजे लेट्यूस आणि बायका म्हणजे टोमॅटो. त्यावर गदारोळ झाला, अनेकजणी चिडून बोलल्या. पण बायकांची दोन गाणी लागोपाठ लावायची नाहीत हा अलिखित नियम त्याच्या फार आधीपासून तिथे होता. लेनी कॅम्परमधून बाहेर पडली ती या दारावर उभी राहायला. मला राग आला तो इथे, थंडीच्या गोष्टीत नाही. थंडी कोणी ठरवून पाडत नाही.

२०२० च्या चौदा फेब्रुवारीला ती ऑप्रीच्या मंचावर पहिल्यांदा गायली. महिनाभरात करोनाने सगळ्या देशातली सभागृहं बंद झाली. नऊ वर्षं वाट पाहिलेलं दार उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या मंचाबद्दल एक सांगायला हवं. ऑप्री म्हणजे १९२५ मध्ये डब्ल्यूएसएम रेडिओवर सुरू झालेला शनिवारचा कार्यक्रम, तो पुढे तीस-एक वर्षं रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायचा. १८९२ मधली ती मूळची प्रार्थनेची इमारत, आजही बसायला चर्चची लाकडी बाकं. १९७४ मध्ये ऑप्री शहराबाहेरच्या नव्या सभागृहात गेली तेव्हा रायमनच्या मंचाचा सहा फुटी गोल तुकडा कापून नव्या मंचाच्या मधोमध बसवला. माइक त्यावरच असतो. नवखी गायिका पहिल्यांदा त्या वर्तुळात पाय ठेवते तेव्हा खाली बघते, हे मी कितीतरी चित्रफितींत पाहिलंय. आणि त्याच मंचाच्या इतिहासात डीफर्ड बेली आहे, माउथऑर्गन वाजवणारा काळा कलावंत, कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक, ज्याला १९४१ मध्ये काढून टाकलं आणि नंतर तो नॅशव्हिलमध्येच बुटांना पॉलिश करण्याचं दुकान चालवत राहिला. २००५ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. वर्तुळ कोणासाठी उघडतं आणि कोणाला बाहेर ठेवतं, हे त्या लाकडातही मुरलेलं आहे.

लेनीचं २०२२ हे वर्ष वाचताना मला पान उलटवेना. एकीकडे ‘बेल बॉटम कंट्री’ हा अल्बम, ‘येलोस्टोन’ मालिकेत तिच्यासाठी लिहिलेली गायिकेची भूमिका, कंट्री म्युझिक असोसिएशनची सहा नामांकनं. दुसरीकडे वडील रुग्णालयात, बुरशीचा संसर्ग, एकामागून एक शस्त्रक्रिया, एक डोळा गेला. २०२१ मध्ये आपल्याकडे ज्या घरांनी हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला त्यांना त्याचं वजन सांगावं लागणार नाही. ती चित्रीकरणाला गेली, कारण वडिलांची तशी इच्छा होती. नोव्हेंबरमध्ये पारितोषिकांच्या सोहळ्याला ते तिच्यासोबत आले. त्या रात्री तिला नव्या कलावंताचं आणि सर्वोत्कृष्ट गायिकेचं अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली. नवी कलावंत! अकरा वर्षं त्या शहरात राहून. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोच्च कलावंताचा मान, जो २०११ च्या टेलर स्विफ्टनंतर एकाही बाईला मिळाला नव्हता. २०२४ मध्ये ग्रॅमी, आणि जूनमध्ये ऑप्रीचं सदस्यत्व. मी तिचे ते सगळे सोहळे पाहिले. पारितोषिकांपेक्षा मी वडिलांकडे बघत होते. खुर्चीत बसलेला शेतकरी, डोळ्यावर पट्टी, अंगावर चांगला कोट.

मागच्या डिसेंबरात मिरजेला गेले तेव्हा ताईला भेटले. साठी ओलांडली आहे, गुडघे दुखतात. सकाळी शिवणकाम आणि संध्याकाळी बायकांचं भजनी मंडळ. मी तिला ब्रॉडवेवरच्या मुलीची हकिगत सांगितली, गाणं कसं अर्धं राहिलं ते. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. ती मशीनवरची चिंधी बाजूला करत म्हणाली, ‘‘अगं, त्या पोराच्या चेहऱ्यावर आनंद दिसला ना? मग झालं तर. मांडवात दोन हजार माणसं माझ्याबरोबर गायची, ते काय कमी होतं? ते माझंच होतं की.’’ मी वहीतल्या शेवटच्या पानांबद्दल विचारलं. ती हसली. ‘‘ती माझ्यापुरती,’’ म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. मी तिथे बसून राहिले. मी तिच्यासाठी इतकी वर्षं एक हळहळ जपून ठेवली होती. तिला ती नको होती. पण तिचं म्हणणं पूर्ण पटलं असंही म्हणवत नाही. ती हसली तेव्हा नजर कपाटाकडे गेली होती, हे मी पाहिलं.

आता नॅशव्हिलमध्ये ब्रॉडवेला लागूनच लेनी विल्सनच्या नावाचा बार आहे, ‘बेल बॉटम्स अप’. २०२४ मध्ये उघडला. त्या रस्त्यावर असे ताऱ्यांच्या नावांचे बार बरेच झाले आहेत आणि जुनी माणसं त्यावर नाराज आहेत: पूर्वी टूट्सीजसारख्या ठिकाणी मालकीणबाई नव्या गीतकारांना उधारीवर जेवू घालायची, आता सगळं मजल्यामजल्यांचं आणि मोठ्या भांडवलाचं. ते खरं असेल. मी मात्र त्या बारच्या स्टेजवर दुपारच्या पाळीला उभ्या राहणाऱ्या मुलीचा विचार करते. तिला फर्माइश येणार ती लेनीच्या गाण्यांची. चाक बदलण्याचं आणि गळ टाकण्याचं ते गाणं, जे कोणा तिघांनी एका खोलीत बसून लिहिलं आणि जे वर्षभर रेडिओच्या दाराशी ताटकळलं, ते आता बादलीत नोट टाकून मागायचं गाणं झालं आहे. ती ते चांगलंच म्हणेल, सगळा बार सोबत गाईल. भाचीला मी सांगून ठेवलंय की पुढच्या वेळी आपण तिथे जाऊ, गर्दी नसेल अशा सकाळच्या पहिल्या पाळीला, आणि नोट टाकताना गाण्याचं नाव घ्यायचं नाही. तिचं स्वतःचं जे असेल ते मागायचं, आणि दुसरं कडवं संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. भाची म्हणाली, ‘‘मावशी, पण चांगलं नसलं तर?’’ नसू दे. पहिल्या अल्बमच्या वेळी लेनीचंही कोणाला फारसं आवडलं नव्हतं.